महासाथीत सायकल चालवताना मास्क: कोणता घ्यावा, कसा लावावा

महासाथीच्या दिवसांत सायकलवरून जाणाऱ्यांचे मास्क जरा निरखून पाहिले, तर बहुतेक दोनच तऱ्हांचे दिसतात. एक तर हनुवटीखाली लोंबणारे, नाहीतर घामानं भिजून नाकातोंडाला चिकटलेले. दोन्ही काही कामाचे नाहीत. यात हलगर्जीपणापेक्षा माहितीचा अभाव जास्त असतो, असं मला मनापासून वाटतं. रांगेत उभं असताना जो मास्क चालून जातो तो पेडल मारताना टिकत नाही, हे त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात बस आणि रेल्वेतली गर्दी टाळायला कितीतरी जण पहिल्यांदाच, किंवा शाळा संपल्यावर पहिल्यांदाच, सायकलकडे वळले. मीही त्या काळात मास्क लावून सायकल चालवली, चुकलो, आणि हळूहळू एक पद्धत बसवली. श्वासातून पसरणारी साथ पुन्हा केव्हाही येऊ शकते. तेव्हा सायकलवर नव्यानं बसणाऱ्याला हे सगळं पहिल्यापासून शोधावं लागू नये, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पायरी १: मास्क नेमका कुठे लागणार, ते ठरवा

खरेदीच्या आधी आपला रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. घरातून निघताना लिफ्ट किंवा जिना. मग गल्ली. मग सिग्नल, जिथे दोन्ही बाजूंना माणसं हातभर अंतरावर थांबतात. मग कदाचित लांबलचक मोकळा रस्ता. शेवटी पार्किंग, पहारेकरी, पुन्हा लिफ्ट. यात विषाणू भेटण्याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. मोकळ्या हवेत श्वासातले कण लगेच विरून जातात, त्यामुळे बाहेरचा धोका बंद खोलीपेक्षा खूप कमी असतो. धोका वाढतो तो माणसं जवळ आली की, आणि हवा कोंडली की. मास्क रस्त्यासाठी नसतो, माणसांसाठी असतो. हे एकदा मनात बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आता सायकलची खास अडचण. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. मध्यम गतीनं पेडल मारताना हाच आकडा ४० ते ६० लिटरवर जातो, आणि चढावर जीव तोडून चालवताना १०० लिटरही ओलांडतो. एवढी हवा कापडाच्या थरांतून ओढायची, वर घामानं आणि उच्छ्वासातल्या वाफेनं तेच कापड भिजत जायचं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं होतं की जोरदार व्यायाम करताना मास्क लावू नये, त्याऐवजी इतरांपासून किमान १ मीटर अंतर राखावं.

हे वाचून काही जण मास्क घरीच ठेवून निघतात. माझ्या मते तो अर्थ चुकीचा आहे. ही सूट दमछाक होईल अशा कष्टांसाठी आहे, गर्दीतल्या प्रवासासाठी नाही. सिग्नलला थांबलेला माणूस व्यायाम करत नसतो. मी पाळतो ती रीत अशी: माणसं जवळ असतील तिथे मास्क वर आणि वेग कमी, रस्ता खरोखर मोकळा असेल तिथे मास्क काढून पिशवीत. श्वास इतका चढला असेल की मास्क सहन होत नाही, तर अंतराच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. अर्थात तुमच्या भागात त्या वेळी मास्क सगळीकडे सक्तीचा असेल, तर नियम आधी आणि माझी रीत नंतर. अशा वेळी मास्क सोसेल एवढाच वेग ठेवायचा.

पायरी २: मास्क निवडा

इथे नवखा माणूस सर्वांत जास्त गोंधळतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

एन-९५ पासून सुरुवात करू, कारण 'सर्वांत चांगला तोच' असं सगळे म्हणतात. नावातला ९५ म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवण्याची कसोटी. युरोपातली एफएफपी२ ही श्रेणी ९४ टक्क्यांची आणि एफएफपी३ ९९ टक्क्यांची. ०.३ हाच आकार का? तर तो पकडायला सर्वांत अवघड म्हणून. याहून मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आदळतात, लहान कण हवेत सैरावैरा फिरताना तंतूंना चिकटतात, मधले मात्र निसटू पाहतात. त्यांना धरण्यासाठी मास्कच्या आतल्या पॉलिप्रोपिलिनच्या, म्हणजे एका प्लास्टिकच्या तंतूंच्या, थरावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. साबणानं किंवा अल्कोहोलनं हा भार निघून जातो, म्हणून असा मास्क कधीही धुवायचा नसतो.

सायकलवर तो चालतो का? दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये २०२० साली १२ निरोगी पुरुषांना स्थिर सायकलवर पूर्ण ताकदीपर्यंत नेलं, तेव्हा सर्जिकल मास्कनं श्वसनावर आणि क्षमतेवर परिणाम झाला आणि एफएफपी२नं तो आणखी जाणवला. त्याच वर्षी कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात १४ निरोगी तरुण-तरुणींनी सर्जिकल मास्क आणि तीन थरांचा कापडी मास्क लावून दमेपर्यंत सायकल चालवली. त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये किंवा कामगिरीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. दोन्ही गट लहान होते आणि सगळेच निरोगी होते, हे विसरू नका. मी यातून एवढंच घेतो: घट्ट, जाड मास्क आणि पूर्ण जोर यांचं जमत नाही, हलक्या मास्कसह बेताची गती निरोगी माणसाला झेपते.

मास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड साठून गुदमरायला होतं, ही भीती बऱ्याच जणांना वाटते. हा वायू रेणूंच्या रूपात असतो आणि मास्कच्या छिद्रांपुढे रेणू अतिशय लहान, त्यामुळे तो सहज बाहेर पडतो. धाप जाणवते ती मुख्यतः हवा ओढायला लागणाऱ्या जादा जोरामुळे, आणि मास्कच्या आतल्या दमट, गरम हवेमुळे.

सर्जिकल मास्क हलका असतो, श्वासाला मोकळा असतो, आणि भिजला की टाकून देता येतो. दोष एकच, बाजूंनी फटी राहतात. त्यावर सोपा उपाय आहे: दोन्ही कानांच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेशी एकेक गाठ मारायची आणि उरलेली चुणी आत खोचायची. मास्क गालांवर नीट बसतो.

कापडी मास्क घ्यायचा तर तीन थरांचा घ्या. आत ओल शोषणारं सुती कापड, मध्ये न विणलेलं पॉलिप्रोपिलिन, बाहेर पाणी न धरणारं पॉलिएस्टरसारखं कापड, अशी रचना जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवली होती. मास्क उजेडासमोर धरून पाहा. विणीतून पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तर ठेवून द्या.

झडपेचा, म्हणजे व्हॉल्व्हचा मास्क सायकलवाल्यांना फार मोह घालतो, कारण श्वास सोडताना आराम वाटतो. पण तो आराम येतो कुठून? तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडला जातो, म्हणून. लक्षणं नसतानाही तुम्ही आजार पसरवत असू शकता. मास्क लावण्यामागे समोरच्या माणसाची काळजी हे अर्धं कारण असतं, आणि या मास्कमध्ये तेच गळून पडतं. साथीत झडपेचा मास्क नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

धूर आणि धुळीसाठी मिळणारे कार्बनच्या थराचे मास्क हा वेगळा विषय. सक्रिय कार्बन काही वायू आणि वास शोषून घेतो; विषाणू वाहणारे कण अडवायचे तर कणांची गाळणी वेगळी लागते. त्यावर कोणत्या श्रेणीची गाळणी आहे आणि झडप आहे का, हे दोन्ही पाहा. गळ्यात घालायचा पातळ, ताणला जाणारा बफ थंडीवाऱ्यासाठी उत्तम आहे, पण एका थराचा बफ मास्कच्या जागी धरू नका.

मग घ्यायचा कोणता? रोजच्या साध्या प्रवासाला गाठ मारलेला सर्जिकल किंवा तीन थरांचा कापडी. पोहोचल्यावर बंद जागेत बराच वेळ जाणार असेल, तर त्यासाठी एन-९५ वेगळा पिशवीत. हळू चालवताना एन-९५ सोसत असेल तर जरूर तोच ठेवा. मात्र महागडा मास्क घेऊन तो हनुवटीवर आणण्यापेक्षा साधा मास्क नाकावर राहिलेला केव्हाही चांगला.

पायरी ३: घरी आरशासमोर बसवून पाहा

हात धुवा. सर्जिकल मास्कची रंगीत बाजू बाहेर आणि तारेची कड वर. घड्या उघडून कापड हनुवटीखालपर्यंत ओढा. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी एकाच वेळी, मधून बाहेर अशी दाबत न्या. एका हाताच्या चिमटीत दाबली तर नाकाच्या शेंड्यापाशी टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदा तयार होतो.

एन-९५ असेल तर दोन्ही तळवे मास्कवर हलकेच ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर किंवा गालांवर झुळूक लागली तर तिथे फट आहे. मग जोरात श्वास आत घ्या. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाट दाढीवर ही कसोटी जमत नाही, केसांमधून हवा निसटत राहते. दाढी ठेवायची असेल तर एन-९५च्या नावावर निर्धास्त राहू नका.

आता सायकलवर असल्यासारखं पुढे वाका. मान मागे वळवून दोन्ही खांद्यांवरून पाहा. तोंड उघडून मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हणा. मास्क नाकावरून घसरला, तर माप चुकलं आहे.

पायरी ४: मास्क, हेल्मेट, चष्मा यांचा क्रम

सर्वांत जास्त वैताग इथेच येतो. सुरुवातीला मी कानाच्या दोऱ्यांचा मास्क आधी लावून त्यावर हेल्मेट चढवत असे. मग पाणी प्यायचं म्हटलं की हेल्मेट सोडा, मास्क काढा, पुन्हा सगळं बांधा. उलट क्रम केला आणि त्रास संपला.

कानाच्या दोऱ्यांचा मास्क असेल तर आधी हेल्मेट घालून पट्टा लावा, मग मास्कच्या दोऱ्या हेल्मेटच्या पट्ट्यांवरून कानामागे न्या, आणि सर्वांत शेवटी चष्मा. मास्क काढायला आता हेल्मेटला हात लावावा लागत नाही.

डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा एन-९५ असेल तर तो आधी. खालचा पट्टा कानांखालून मानेवर, वरचा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. त्यावर हेल्मेट. हेल्मेट घट्ट करायची मागची चकती नेमकी वरच्या पट्ट्यावर येऊन टोचू शकते. तेव्हा चकती थोडी सैल करून पट्टा वर सरकवा आणि पुन्हा आवळा.

दोन्ही प्रकारांत हनुवटीचा पट्टा तपासा. मास्कच्या जाडीमुळे तो थोडा सैल करावा लागतो. पट्टा आणि हनुवटी यांत एक-दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. मास्कशिवाय निघताना पट्टा पुन्हा आवळायला विसरू नका. सैल हेल्मेट पडल्यावर उपयोगाला येत नाही.

चष्म्यावर वाफ धरते ती नाकाजवळच्या फटीतून वर येणाऱ्या गरम श्वासामुळे. सायकल चालू असताना वारा ती पुसून नेतो. थांबलात की काच पांढरी होते. म्हणजे गर्दीच्या चौकात, जिथे नीट दिसणं सर्वांत गरजेचं, तिथेच दिसेनासं होतं. उपाय या क्रमानं करून पाहा: तार नीट दाबा; मास्कची वरची कड चष्म्याखाली येऊ द्या, म्हणजे चष्म्याच्या वजनानं ती दाबली जाईल; तरीही फट राहिली तर जखमेवर लावायच्या वैद्यकीय चिकटपट्टीचा तुकडा नाकाच्या वरच्या बाजूला आडवा लावा. निघण्यापूर्वी काच साबणाच्या पाण्यानं धुऊन हवेवर वाळवली तरी काही वेळ वाफ धरत नाही. एवढं करूनही दिसत नसेल, तर सायकल कडेला घेऊन थांबा. धूसर काचेतून रस्ता ओलांडणं हा विषाणूपेक्षा जवळचा धोका आहे.

पायरी ५: पहिली फेरी छोटी ठेवा

नवा मास्क लावून थेट कामावर निघू नका. आधी घरात अर्धा तास वावरा, मग गर्दी नसलेल्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवा. दोन गोष्टींची सवय होऊ द्या. फुगीर मास्कमुळे नजरेचा खालचा भाग झाकला जातो. पुढच्या चाकाजवळचा खड्डा आणि गिअर पाहायला मान नेहमीपेक्षा जास्त झुकवावी लागते. दुसरं, तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही आणि आवाज दबलेला येतो, म्हणून वळताना हाताचा इशारा ठळक आणि लवकर करा. घंटी वाजवा.

गती इतकी ठेवा की मास्कमधूनही पूर्ण वाक्य एका दमात बोलता येईल. चढ आला की एक गिअर हलका. गरगरलं, छातीत आवळल्यासारखं झालं, डोकं दुखायला लागलं, तर कडेला थांबा, माणसांपासून दूर व्हा आणि मास्क काढा. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा सल्ला होता. सायकलच्या मागच्या आसनावर बसलेल्या लहानग्याला गर्दीपासून दूर नेणं हाच त्याच्यासाठी खरा उपाय.

पायरी ६: वाटेत

चालत्या सायकलवर एका हातानं मास्क सावरू नका. थांबा, पाय टेका, मग हात लावा. मास्कच्या पुढच्या भागाला न शिवता दोरीला धरा. पाणी प्यायचं असेल तर गर्दीतून बाजूला या, हात निर्जंतुक करा, एका कानाची दोरी सोडून प्या आणि पुन्हा लावा. थुंकणं किंवा चालत्या सायकलवरून नाक शिंकरणं साथीत पूर्ण बंद. रुमाल जवळ ठेवा.

मास्क ओला झाला की बदलायचा. ओल्या कापडातून श्वास घेणं जड जातं आणि त्यात जंतूही वाढतात. उन्हाळ्यात घामानं, हिवाळ्यात गोठणाऱ्या वाफेनं, मास्क अपेक्षेपेक्षा लवकर भिजतो. म्हणून निघताना दोन कोरे मास्क कागदी पाकिटात आणि वापरलेल्यासाठी वेगळी पिशवी ठेवा.

मित्रांसोबत निघणार असाल तर एकामागोमाग चिकटून चालवायची सवय सोडा. एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या वायुगतिकीच्या अभ्यासकांनी पुढच्या माणसामागे थेंब किती लांब राहतात याचं गणित मांडून वेगवान सायकलमागे २० मीटर अंतर सुचवलं होतं. त्यावर बरीच टीकाही झाली, कारण त्यात हवेच्या प्रवाहाचा विचार होता, संसर्ग प्रत्यक्ष किती होतो याचा नव्हता. २० चा आकडा मी डोक्यावर घेत नाही. पण दम लागलेल्या माणसाच्या अगदी मागे राहू नये, जमल्यास थोडं तिरकं चालावं, हे मला पटतं.

बंद खोलीतल्या स्थिर सायकलींच्या वर्गाची गोष्ट मात्र फार वेगळी. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात अशा एका स्टुडिओशी जोडलेले सत्तरहून अधिक रुग्ण सापडले, आणि तिथे सायकलींमध्ये अंतर ठेवलेलं होतं. जोरजोरात श्वास, कोंडलेली हवा आणि उतरवलेले मास्क एकत्र आले की अंतर पुरत नाही. साथ जोरात असेल तेव्हा असा वर्ग टाळा आणि सायकल बाहेर काढा.

पायरी ७: घरी आल्यावर

आधी हात, मग चष्मा, मास्क, हेल्मेट अशा उलट क्रमानं काढा, एन-९५ हेल्मेटनंतर. कापडी मास्क साबण आणि किमान ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवा. तेवढं गरम पाणी नसेल तर साध्या पाण्यात साबणानं धुऊन एक मिनिट उकळा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. सर्जिकल मास्क एका वापरानंतर झाकणाच्या कचरापेटीत. एन-९५ चा तुटवडा असताना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांना कागदी पिशवीत ठेवून किमान पाच दिवसांच्या अंतरानं फिरवून वापरायला सांगितलं होतं. तीच रीत आपल्यालाही जमते, पण घामानं चिंब झालेला, मळलेला किंवा पट्टा सैल पडलेला मास्क पुन्हा घालू नका.

हेल्मेटचे पट्टे आणि आतल्या गाद्या घाम आणि श्वासानं भिजलेल्या असतात, त्यांना बहुतेक जण विसरतात. सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा. नाकावर किंवा कानामागे त्वचा सोलवटली असेल तर मलम रात्री लावा. निघण्यापूर्वी तेलकट काही लावलं तर मास्क घसरतो. शेवटी कोऱ्या मास्कचं पाकीट हेल्मेटच्या पट्ट्याला अडकवून ठेवा, म्हणजे सकाळच्या घाईत हेल्मेट उचललं की मास्क आपोआप हातात येईल.